सातचा डबा कुठे जोडायचा?

पूर्णेहून एका विद्यार्थ्याने कोडं पाठवलंय, प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतीत विचारतात तसलं: 7, 72 आणि 78 शेजारी शेजारी जोडून मोठ्यात मोठी संख्या बनवा. अकोल्याकडची लाइन जिथे परभणी-नांदेडच्या लाइनला मिळते, त्या जंक्शनवर शंटिंग बघत वाढलेल्या पोराला हे जमायला हवं. डबे तेच, क्रम तेवढा लावायचा.

पहिला मोह होतो तो मोठा आकडा पुढे लावायचा: 78727. पण सातचा डबा मध्ये घाला, 78772 होतात. चक्क 45 ने जास्त!

युक्ती अशी, की दोन-दोन डबे घेऊन उलटसुलट जोडून बघायचे. 772 आणि 727, म्हणून 7 हा 72 च्या पुढे. 787 आणि 778, म्हणून 78 हा 7 च्या पुढे. संगणकाला एवढं सांगितलं की बाकीचं तो बघतो.

मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. पहिला दुसऱ्याच्या पुढे, दुसरा तिसऱ्याच्या पुढे आणि तिसरा पुन्हा पहिल्याच्या पुढे, असं दगड-कागद-कात्री झालं तर? 772 हे 727 पेक्षा मोठे, म्हणजे 700 + 72 हे 720 + 7 पेक्षा मोठे. इकडचं तिकडे केलं की उरतं: 7 × 99 हे 72 × 9 पेक्षा जास्त. म्हणजेच 7/9 हा 72/99 पेक्षा मोठा. अहो, हे तर शाळेतले आवर्ती दशांश! 0.7777… आणि 0.7272…. एकाच आकड्याचे डबे न थांबता जोडत गेलं की त्याची स्वतःची किंमत ठरते. 78 ची 0.7878…. किमती ठरल्या, की गोल फिरायचा प्रश्नच मिटला.

अंकांच्या अशा मांडामांडीत देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा हात धरणारा कोणी नव्हता. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, फार तर सात पायऱ्यांत 6174 येतो. हे त्यांनी 1949 मध्ये मांडलं. त्यांच्या डेम्लो संख्यांचं नावही डोंबिवली स्टेशनावरून आलेलं. इथे अनेकांनी हा पोरखेळ मानला. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत लिहिलं, तेव्हा कुठे आपल्याला मास्तर मोठे वाटू लागले!

विद्यार्थ्याने शेवटी विचारलंय, 7 आणि 77 मध्ये पुढे कोण? कोणीही लाव बाबा, गाडी 777 चीच.