मतदाराची ओळख आणि मतदाराचा हक्क

मतदानाच्या दिवशी एखादी वृद्ध शेतमजूर स्त्री रोजंदारी बुडवून मतदान केंद्रावर येते. मतदार यादीत तिचे नाव असते, परंतु मतदार ओळखपत्र हरवलेले असते. "कार्ड नाही, तर मत नाही," असे रांगेतील कोणीतरी सांगते आणि ती मुकाट्याने परत फिरते. वस्तुतः तिच्या घरी छायाचित्र लावलेले पोस्टाचे पासबुक असते आणि तेवढ्यावर तिला मत देता आले असते. अपुऱ्या माहितीमुळे एक हक्क असा वाया जातो. म्हणूनच ओळख पटविण्याच्या नियमांमागील हेतू व त्यांची कार्यपद्धती गावोगावच्या जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

यादी आणि ओळखपत्र

संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ नुसार तो बजावण्यासाठी मतदारसंघाच्या यादीत नाव असावे लागते. ओळखपत्र हा हक्काचा उगम नव्हे. यादीतील नाव ज्याचे, तोच हा मनुष्य, एवढेच ते सिद्ध करते. त्यामुळे ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, अशा व्यक्तीस मत देता येत नाही. उलटपक्षी यादीत नाव आहे पण ओळखपत्र नाही, अशा व्यक्तीस अन्य विहित पुराव्याच्या आधारे मत देता येते.

छायाचित्राची गरज का भासली?

ओळखीचा प्रश्न पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनचा आहे. १९५१-५२ साली उत्तर भारतातील अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची कन्या एवढीच नोंद दिली. अशा सुमारे २८ लाख स्त्रिया मताधिकारास मुकल्या. दुबार मतदान रोखण्यासाठी बोटाला न पुसली जाणारी शाई लावण्याची पद्धत रूढ झाली. १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूर येथील सरकारी कारखान्यात तयार झालेली शाई वापरात आहे. परंतु शाईने एकच गोष्ट साधते : एका माणसास दोनदा मत देता येत नाही. पहिलेच मत त्याने दुसऱ्याच्या नावावर दिले असेल, तर शाई ते दाखवीत नाही. ही उणीव छायाचित्राने भरून निघते. १९६० मध्ये कलकत्ता येथील एका लोकसभा पोटनिवडणुकीत छायाचित्र ओळखपत्रांचा प्रयोग झाला. तथापि सर्व मतदारांची छायाचित्रे मिळविणे शक्य झाले नाही. पुढे टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ मध्ये, देशभर ओळखपत्रे देण्याचा निर्णय झाला.

पर्यायी कागदपत्रे

ज्यांच्याजवळ मतदार ओळखपत्र नसेल त्यांच्यासाठी निवडणूक आयोग पर्यायी कागदपत्रांची यादी जाहीर करतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आधार कार्ड, राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेचे जॉब कार्ड, बँकेचे वा पोस्टाचे छायाचित्र असलेले पासबुक, वाहन चालविण्याचा परवाना, पॅन कार्ड, पारपत्र, छायाचित्रासह निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र इत्यादींचा तीत समावेश होता. शिधापत्रिकेचा समावेश नव्हता. घरोघरी वाटण्यात येणारी मतदार चिठ्ठी यादीतील क्रमांक व केंद्र कळविण्यापुरती असते. २०१९ पासून केवळ चिठ्ठीवर मतदान करता येत नाही.

ओळखपत्रावरील नावात शुद्धलेखनाची किरकोळ चूक असल्यास, व्यक्तीची ओळख पटत असेल तर, तीकडे दुर्लक्ष करावे, अशा आयोगाच्या सूचना आहेत. छायाचित्र जुळत नसेल, तर मतदाराकडून पर्यायी कागदपत्र मागावयाचे असते.

आक्षेप घेतला गेल्यास

उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये अनामत भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. तो सिद्ध करण्याची जबाबदारी आक्षेप घेणाऱ्यावर असते. मतदान केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करून निर्णय देतो. तोतयेगिरी सिद्ध झाल्यास त्या व्यक्तीस पोलिसांच्या स्वाधीन करण्यात येते. भारतीय न्याय संहितेनुसार या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळल्यास खऱ्या मतदाराने निराश होऊन परतू नये. ओळखीविषयीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे दिल्यावर त्यास स्वतंत्र मतपत्रिकेवर 'प्रदत्त मत' नोंदविता येते. ते वेगळ्या पाकिटात ठेवले जाते. नेहमीच्या मतमोजणीत ते धरले जात नाही; मात्र निवडणूक याचिकेत न्यायालय त्याचा विचार करू शकते.

पूर्वतयारी गावातच

बहुतेक अडचणींचे मूळ केंद्रावर नसून यादीत असते. विवाहानंतर मुलीचे नाव, आडनाव व गाव बदलते, पण माहेरच्या यादीतील नोंद तशीच राहते. अशा वेळी स्थलांतर, दुरुस्ती किंवा नव्या ओळखपत्रासाठी नमुना ८, तर प्रथमच नोंदणी करणाऱ्यांनी नमुना ६ भरावयाचा असतो. उमेदवारी अर्ज भरण्याची अंतिम मुदत उलटल्यावर यादीत नवे नाव घेता येत नाही, हे ध्यानात ठेवावयास हवे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेत असला, तरी त्यांसाठी विधानसभेचीच यादी विभागून वापरली जाते. साहजिकच एका यादीतील चूक प्रत्येक निवडणुकीत आडवी येते.

केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून काम करणारे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी यादीचे ग्रामसभेत वाचन घडवून आणले, कोणाजवळ कोणते कागदपत्र आहे याची वेळीच विचारपूस केली, तर तोतयास आळा बसेलच. शिवाय ती वृद्ध स्त्री पासबुक पदराला बांधूनच मतदानाला येईल.