कुंडीतला माठ, ताटातले लोह

देवगड तालुक्यातील मिठबाव हे किनाऱ्यावरचे गाव. समुद्रालगतच्या पुळणीत पाणी टिकत नाही, तर जांभ्या कातळावर मातीचा थर पातळ असतो. त्यात कोकणातला मुसळधार पाऊस कोवळी रोपे आडवी करतो. अशा ठिकाणी खळ्यातली कुंडी सोयीची. तिच्यातली माती आपल्याला हवी तशी तयार करता येते आणि पाऊस वाढला की ती पडवीच्या कडेला सरकवता येते.

सुरुवात माठापासून करावी. वीतभर खोल टब पुरतो. मात्र रसायनांचे जुने डबे वापरू नयेत. तळाला भोके हवीतच, कारण पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. माती, कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणांचा भुसा समप्रमाणात घ्यावा. भुशात क्षार असू शकतात, म्हणून तो आधी दोन-तीनदा धुवावा. उन्हात ठेवल्यास महिन्याभरात भाजी मिळते.

तिचे मोल रक्ताशी निगडित आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजीतील लोह शरीर कमी शोषते. सोबत लिंबू किंवा मासळी असेल तर ते शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. रक्तक्षयाचे निदान झाले असेल, तर मात्र केवळ भाजीवर विसंबू नये. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात.