दहा सेकंदही न टिकणारं औषध: ॲडेनोसिन

आज एका अशा रेणूविषयी बोलूया, जो हे ऐकताना तुमच्या पेशीपेशीत आहे. ॲडेनोसिन. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस. पण हे प्रकरण मला भलतंच आवडलंय.

रचना सोपी आहे. ॲडेनीन अधिक रायबोज नावाची साखर. त्याला तीन फॉस्फेट जोडले की झालं एटीपी, बारावीत पाठ केलेलं तेच! पेशीला ऑक्सिजन कमी पडला की एटीपी तुटतं आणि ॲडेनोसिन साचतं. म्हणजे हा 'बॅटरी लो'चा निरोप. मेंदूत साचलं की झोप येते. हृदयात रक्तवाहिन्या रुंदावतात, ठोके मंदावतात. ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२९ मध्येच हृदयावरचा परिणाम मांडला होता.

आता औषधाकडे येऊ. एसव्हीटी नावाच्या त्रासात बसल्या जागी ठोके मिनिटाला १५० ते २२० वर जातात. बऱ्याचदा विजेचा सिग्नल हृदयातल्या एव्ही नोडमधून गोल गोल फिरत राहतो. आमच्या भाषेत इन्फिनिट लूप! ॲडेनोसिन हा नोड काही क्षण अडवतं, लूप तुटतो आणि हृदयाचा मूळ पेसमेकर पुन्हा ताबा घेतो.

खरी गंमत वेळेची आहे. रक्तात त्याचं अर्धायुष्य १० सेकंदांहून कमी. म्हणून मोठ्या माणसाला साधारण ६ मिलिग्रॅम शिरेतून झटकन देतात आणि मागोमाग सलाइन ढकलतात. नाहीच जमलं तर १२. हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचण्याआधीच संपतं! त्या काही सेकंदांत मॉनिटरवर सरळ रेघ दिसू शकते, छाती दाबल्यासारखी होते, 'आता संपलं' असं वाटतं. पण तेवढ्याच वेगाने ते ओसरतंही. म्हणून हे काम दवाखान्यात, मॉनिटर लावूनच होतं.

आणि आपला चहा? कॅफीन ॲडेनोसिनच्याच रिसेप्टरवर जागा अडवून बसतं. तरतरी येते ती त्यामुळेच, आणि औषधाचा असर कमी होतो तोही त्यामुळेच. ॲडेनोसिन देऊन स्ट्रेस टेस्ट करायची असेल, तर किमान १२ तास आधीपासून चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, श्वासनलिका आवळू शकते.

घड्याळावर १८० दिसतंय, धडधड थांबत नाही, चक्कर येतेय किंवा छातीत दुखतंय? सर्च करत बसू नका, १०८ लावा. भेटू पुढच्या भागात!