क्रमांक विद्यापीठाचा, चिंता आळ्याच्या कॉलेजची

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी, म्हणजे एनआयआरएफ, जाहीर झाली आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात 23व्या क्रमांकावरून 56व्या क्रमांकावर उतरले. आळे, नारायणगाव, मंचर इथली कॉलेजे याच विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे बारावीनंतर मुलांना कुठे घालायचे, या विचारात असलेल्या जुन्नर-आंबेगावच्या पालकांना घोर लागणे साहजिक आहे. पण त्या आकड्याच्या नावावर खपणारे बरेच निष्कर्ष त्या आकड्यात नाहीतच.

गैरसमज : क्रमांक 33 ने घसरला, म्हणजे दर्जाही तेवढाच घसरला.

वस्तुस्थिती अशी की त्याच वर्षी जूनमध्ये हेच विद्यापीठ क्यूएस या संस्थेच्या जागतिक विद्यापीठ-यादीत 631 ते 640 या गटातून 566 वर चढले होते. तीन महिन्यांत विद्यापीठ आधी सुधारले आणि मग बिघडले, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती फूटपट्टी. एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात अध्यापन व साधनसामग्रीला 30 टक्के, संशोधनाला 30, विद्यार्थ्यांच्या पदवीच्या फलिताला 20, सर्वसमावेशकतेला 10 आणि लोकांच्या मताला 10 टक्के वजन आहे. क्यूएसमध्ये मात्र प्राध्यापकांच्या मताला 30 आणि नोकरी देणाऱ्यांच्या मताला 15, म्हणजे जवळपास निम्मे वजन नावलौकिकालाच आहे. आळेफाट्याच्या बाजारात कांदा आकारावर निवडला जातो. गोळा वेगळा, गोलटी वेगळी. ती निवड खोटी नसते, पण चाळीत कोणता कांदा टिकेल हे तिच्यावरून कळत नाही. क्रमवारीचेही तसेच आहे.

गैरसमज : आलेखाची रेघ खाली आली, म्हणजे पुरावा मिळाला.

2018 मध्ये हे विद्यापीठ 9वे होते. तिथून 56 पर्यंतची रेघ कागदावर कड्यासारखी दिसते. पण 2016 च्या पहिल्या क्रमवारीत 2426 संस्था होत्या आणि 2025 मध्ये 7692. स्पर्धक वाढले की आपण जागच्या जागी राहूनही मागे पडू शकतो. शिवाय क्रमांकांच्या आलेखात प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची काढलेली असते. प्रत्यक्षात दोन पायऱ्यांमधले अंतर कधी अर्ध्या गुणाचे असते, तर कधी पाच गुणांचे. म्हणून तुलना करायची तर क्रमांकांऐवजी निकषवार गुणांची करावी, आणि स्तंभालेख असेल तर त्याचा अक्ष शून्यापासून सुरू होतो की मधूनच, हे आधी पाहावे.

गैरसमज : विद्यापीठाचा क्रमांक तोच आमच्या कॉलेजचा.

विद्यापीठाच्या गटात मोजमाप होते ते मुख्यतः विद्यापीठाच्या स्वतःच्या शैक्षणिक विभागांचे. संलग्न कॉलेजांना महाविद्यालयांच्या गटात स्वतंत्रपणे उतरावे लागते. श्रेय कोणाच्या खाती जमा होते, याचे उदाहरण जुन्नर तालुक्यातच आहे. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या याच परिसरात उभ्या आहेत, पण ती चालवणारे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आहे. जवळच्या कॉलेजला त्याचा एकही गुण मिळत नाही. तसाच विद्यापीठाच्या घसरणीमुळे आळ्याच्या कॉलेजचा एकही गुण कापला जात नाही.

यावर कोणी म्हणेल, ही तर हरणाऱ्याची सबब झाली. तसे नाही. विद्यापीठातल्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा हे दुखणे खरे आहे. विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, हे ज्या यादीत थेट मोजले जाते तिथे ते दिसणारच, आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. क्रमवारीचा खरा उपयोग हाच की दुखते कुठे ते ती दाखवते. मात्र विद्यापीठाच्या दुखण्यावरून गावातल्या कॉलेजचे निदान होत नाही.

ते निदान पालकाला स्वतः करता येते. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपण भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. प्रवेश किती झाले, वेळेत पदवी किती जणांना मिळाली, नोकरीला किती लागले, मधला पगार किती, शिक्षक किती, हे सगळे त्यात असते. कॉलेज क्रमवारीत नसेल तर हेच पाच प्रश्न कार्यालयात जाऊन विचारा. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी विचारा, नंतर नको.