फाटकावरची झडती : अधिकार आणि मर्यादा

पाळी सुटल्याचा भोंगा होतो आणि कारखान्याच्या फाटकाशी रांग लागते. जेवणाचा डबा उघडून दाखवावा लागतो, पिशवीतील वस्तू बाहेर काढाव्या लागतात. वेर्णा वा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस जाणाऱ्यांना हे नवे नाही. माल चोरीस जाऊ नये ही मालकाची अपेक्षा रास्तच होय. परंतु ही झडती कोणत्या अधिकाराने घेतली जाते, हे फार थोड्या कामगारांना ठाऊक असते.

हा अधिकार स्थायी आदेशांतून येतो. १९४६ च्या स्थायी आदेशविषयक अधिनियमाच्या अनुसूचीत ‘ठराविक फाटकांतून प्रवेश व झडतीस पात्र असणे’ ही बाब होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ती कायम आहे. ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना हे आदेश लागू होतात. म्हणजेच झडती रखवालदाराच्या मर्जीवर सोडलेली नाही. पुरुषाची झडती पुरुषाने, स्त्रीची स्त्रीनेच, आणि तीही साक्षीदारांसमक्ष घ्यावी, असे अनेक आदेशांत नमूद असते. पोलिसांनासुद्धा स्त्रीची झडती स्त्रीकडूनच व सभ्यता राखून घ्यावी लागते. रखवालदाराला तर पोलिसांचे अधिकारच नाहीत. मात्र आदेशात तरतूद असता विनाकारण नकार देणे शिस्तभंग ठरू शकते, हेही ध्यानी घ्यावे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. हा हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागता येतो. खाजगी कारखान्यात मात्र कामगाराचा जवळचा आधार स्थायी आदेशच. तरीही त्या निर्णयामागील विचार फाटकाबाहेर राहू नये. पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी असते, घरचे पत्र असते, स्त्रियांच्या खाजगी वस्तू असतात. कारखान्याचा माल शोधताना त्या चारचौघांत मांडण्याचे किंवा भ्रमणध्वनीतील संदेश वाचण्याचे प्रयोजन काय?

झडतीत अपमान झाल्यास तेथेच हुज्जत न घालता दिनांक, वेळ व हजर व्यक्तींची नावे लिहून ठेवावीत. २० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. तिच्याकडे एका वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत काम पूर्ण करावयाचे असते. तिच्या निर्णयाने समाधान न झाल्यास पुढील ६० दिवसांत संघटनेमार्फत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते.