वास येईना, चव लागेना

सर्दीपडसे झाले, ताप उतरला, पण जेवणाला चवच नाही. ही तक्रार आपल्या घरांत सहसा कोणी मनावर घेत नाही. "येईल हळूहळू," म्हणतात. सहा महिन्यांनीही चव आली नाही की तीच माणसे म्हणू लागतात, "हिची नाटकं आहेत." २०२० साली कोरोनाची साथ आली आणि असंख्य लोकांचा वास गेला, तेव्हा कुठे या दुखण्याकडे लक्ष गेले. ते नाटक नाही. नाकाच्या वरच्या टोकाला वास ओळखणारी नाजूक त्वचा असते, तिलाच इजा झालेली असते.

चव गेली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा गेलेला असतो तो वास. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू आणि मटणाच्या रश्श्यात असतो तो रुचकरपणा, एवढेच कळते. जिरे की ओवा, बोंबील की सुकट, हे नाक सांगते. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो. खात्री करायची तर नाक चिमटीत धरून बडीशेप चावा आणि मग नाक सोडा.

मिरचीची आग मात्र वेगळ्या शिरेतून कळते. म्हणून वास गेलेला माणूस ठेचा वाढवत जातो, वर मीठ घेतो, चहात साखर वाढवतो. ज्याला बीपी किंवा साखर आहे त्याला हे महागात पडते. त्यापेक्षा लिंबू पिळावे, चिंचेचा कोळ घालावा, भाजलेले शेंगदाणे, कुरकुरीत कांदा जोडीला घ्यावा. काही जण उलट जेवणच सोडतात आणि वाळत जातात. भूक लागायची वाट न पाहता त्यांनी वेळेवर ताटावर बसावे.

आता धोक्याचे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात सडक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. एका खोलीत चूल, अंथरूण आणि वंदनेची मेणबत्ती, असे आपले घर. दिवसभर घरी एकटी असलेल्या आजीचा वास गेला असेल तर हा इशारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद, हा नियमच करावा. साबणाचे पाणी नळीला आणि जोडाला लावून पाहावे, बुडबुडे आले तर गळती आहे. तेव्हा दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालूही करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दार-खिडकी उघडावी, बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा. शेजारच्या घरीही सांगून ठेवावे, की यांना वास येत नाही.

शिळ्या अन्नाचेही तसेच. दूध, कालचे वरण घरातल्या दुसऱ्या कोणी हुंगून द्यावे. कोणी नसेल तर आंबवून पाहू नये, टाकून द्यावे.

आपल्या वस्त्यांतले अनेक जण सफाईच्या कामावर आहेत, म्हणून हे वेगळे सांगतो. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचे प्रमाण वाढले की तो नाकच बधिर करतो. "वास गेला, आता उतर," असे मुकादम म्हणत असेल तर ती वेळ सर्वांत घातक असू शकते. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग नाक शाबूत असो वा नसो.

सर्दीनंतर तीन-चार आठवड्यांत वास परतला नाही, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावे. नाकात वाढलेले मांस, सायनस, तंबाखू, डोक्याचा मार, वाढते वय, अशी कारणे अनेक. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, किंवा डोक्याला मार लागून नाकातून पाणी गळत असेल, तर थांबू नये. नाकात लसणाचा रस, कापराचे तेल असले काही घालू नये.

घरी करण्यासारखा एक उपाय आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ साली तो तपासून मांडला. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी असे चार वास झाकणाच्या बाटल्यांत ठेवायचे. सकाळी आणि रात्री प्रत्येक वास दहा सेकंद हळू हुंगायचा, तो वास पूर्वी कसा यायचा ते आठवत. निदान १२ आठवडे. सगळ्यांना गुण येतो असे नाही, पण खर्च फार नाही आणि पुष्कळांना फायदा झाला आहे.

परतताना वास कधी उलटा येतो. कांदा-लसणाची फोडणी सडल्यासारखी वाटते, चहा जळका लागतो. माणूस घाबरतो, पण बहुधा ती शिरा पुन्हा जुळत असल्याची खूण असते. त्या दिवसांत त्याला जबरदस्ती करू नये. गार जेवणाला वास कमी असतो. त्याच्या वाटचे वरण फोडणी देण्याआधीच बाजूला काढून ठेवावे.