मूत्रपिंडाचा रोग आणि मेंदूतील रोहिणी

मेंदूच्या तळाशी रोहिण्या एकमेकींस मिळून त्यांचे एक कडे तयार होते. टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे वर्णन केले व आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. या कड्यात जेथे रोहिणीस फाटा फुटतो तेथे रक्ताचा मारा अधिक बसतो. भिंत दुर्बल असल्यास ती फुग्यासारखी बाहेर येते. हाच रोहिणीविस्फार. तो बहुधा काहीही त्रास न देता राहतो. फुटल्यास मात्र क्षणार्धात असह्य डोकेदुखी होते आणि सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात.

बहुपुटी मूत्रपिंड या आनुवंशिक रोगात मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या असंख्य पुटी वाढतात. माता वा पिता रोगी असेल तर प्रत्येक अपत्यास तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. ज्या जनुकांतील दोषामुळे हे घडते, त्यांची प्रथिने रोहिणीच्या भिंतीतही असतात. म्हणूनच मूत्रपिंडाच्या रोग्यास मेंदूचे भय. सामान्य प्रौढांत शेकडा सुमारे ३ जणांत विस्फार आढळतो, या रोग्यांत शेकडा १० जणांच्या आसपास.

मग सर्वांचीच तपासणी का करू नये? कारण सापडणारे बहुतेक विस्फार लहान असतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत, पूर्वी रक्तस्राव न झालेल्या रुग्णांतील कड्याच्या पुढील भागातले, ७ मिलिमीटरहून लहान विस्फार पाच वर्षांत एकही फुटला नाही. उलट चिमटा लावण्याच्या वा धातूची तार भरण्याच्या उपचारातच पक्षाघाताचा धोका असतो. शिवाय, एकदा कळले की चिंता जन्माची!

निर्णय फिरतो तो घराण्याच्या इतिहासावर. आप्तांपैकी कोणास मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर हे प्रमाण शेकडा २० च्या घरात जाते. अशांची तपासणी अवश्य करावी. आपल्याकडे मात्र ‘आजोबा झटका येऊन गेले’ एवढेच सांगितले जाते. तो झटका हृदयाचा की मेंदूचा, हे कोणी विचारलेले नसते. अकस्मात आलेला असा अनुलगडा मृत्यूही वैद्यास सांगितला पाहिजे. वैमानिकासारख्या, ज्यांच्या हाती इतरांचे प्राण असतात, त्यांचाही विचार वेगळा करावा लागतो.

तपासणी चुंबकीय अनुनादाने, म्हणजे एम्. आर्. यंत्राने होते. तीत रक्तात रंजक द्रव्य टोचावे लागत नाही; दुबळ्या मूत्रपिंडास हे सोयीचे. विस्फार न आढळल्यास अशा घराण्यातील व्यक्तीची तपासणी ५ ते १० वर्षांनी पुन्हा करतात. तंबाखू वर्ज्य करणे आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे हे मात्र तपासणी होवो वा न होवो, सर्वच रोग्यांना लागू आहे. आणि पूर्वी कधी न अनुभवलेली डोकेदुखी एकाएकी उठल्यास त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.